शेंगदाण्याची साल आणि यंत्राची पारख

उपवासाच्या दिवशी खिचडीसाठी दाण्याचे कूट करायचे असले की घरोघरी एकच क्रम चालतो. दाणे मंद आचेवर भाजायचे, परातीत पसरून निवू द्यायचे, तळहातांत किंवा जाडसर फडक्यात घेऊन चोळायचे आणि मग सुपात घालून पाखडायचे. लाल साल वाऱ्यावर उडून जाते आणि पांढुरके दाणे सुपात राहतात. भाजणे, चोळणे, पाखडणे! या तीन क्रिया कोणी शोधून काढल्या हे सांगता येणार नाही, परंतु त्यांचा क्रम बदलून चालत नाही हे मात्र स्वयंपाकघरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

विद्यार्थी मित्रहो, शेंगदाणे सोलण्याचे म्हणून जे यंत्र कारखान्यांतून वापरले जाते, ते याच तीन क्रियांचे लोखंडी रूप आहे. तव्याच्या जागी भट्टी, तळहातांच्या जागी फिरते रूळ आणि सुपाच्या जागी पंखा. आपल्याला वाटते तितके ते गुंतागुंतीचे नाही, आणि विक्रेत्याला वाटते तितके साधेही नाही.

आता अशी कल्पना करा की, तुमच्या गावातील महिला बचत गटाने चिक्की करावयाचे ठरविले आहे. रोज दोन क्विंटल दाणे हातांनी चोळणे शक्य नाही, म्हणून यंत्र घ्यावयाचे आहे. बाजारात तीन प्रकारची यंत्रे दिसतात. एक विक्रेता म्हणतो, "आमच्या यंत्रातून ९५ टक्के दाणे सोलून निघतील." दुसरा म्हणतो, "९८ टक्के." तिसरा छातीवर हात ठेवून सांगतो, "शंभरातले शंभर! एकाही दाण्यावर साल राहणार नाही." कोणते यंत्र घ्यावे? बहुतेक जण तिसऱ्याकडे वळतील. परंतु माझ्या मते सर्वांत अधिक चौकशी करावी ती या तिसऱ्याचीच. असे का, ते समजण्यासाठी आधी सालीची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

साल का चिकटते, का सुटते?

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. भुईमुगाच्या शेंगेचे जे जाड, जाळीदार कवच असते ते टरफल. ते फोडण्याची यंत्रे निराळी. टरफल काढल्यावर आतल्या दाण्यावर जे पातळ, तांबूस आवरण दिसते ती साल. वनस्पतिशास्त्रात तिला बीजावरण म्हणतात. दाण्याच्या वजनात तिचा वाटा अवघा ३ टक्क्यांच्या आसपास असतो. सालीच्या आत दोन जाड दले आणि त्यांच्यामध्ये टोकाशी एक चिमुकला अंकुर. भाजलेला दाणा दाबला की त्याच्या दोन पाकळ्या होतात आणि अंकुर सुटून खाली पडतो, हे तुम्ही कितीतरी वेळा पाहिले असेल. भुईमूग हा हरभरा-वाटाण्याच्या कुळातला, द्विदल. त्याला बदाम-काजूंच्या पंक्तीला बसविले ते आपण.

कच्च्या दाण्यात पाण्याचा अंश सुमारे ७ टक्के असतो. अशा दाण्यावरची साल चामड्यासारखी लवचीक असते. ती ताणली जाते, वाकते, पण तुटत नाही. दाणा तापवला की पाण्याची वाफ होऊन निघून जाते. साल अतिशय पातळ असल्यामुळे ती चटकन वाळते आणि सुकलेल्या पानासारखी ठिसूळ बनते. आतला दाणाही पाणी गमावून किंचित आकसतो आणि साल व दाणा यांची घट्ट मिठी सैल होते. दाण्याचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचा. त्यामुळे तो सालीइतका लवकर ठिसूळ होत नाही.

सोलण्याची सारी किमया या फरकात आहे. साल ठिसूळ झाली आहे, पण दाणा अजून झाला नाही, अशी एक मधली अवस्था येते. पाण्याचा अंश ४ टक्क्यांच्या सुमारास उतरला की ती अवस्था आली असे समजतात. त्याच्या आधी चोळले तर साल निघत नाही. दाणे फार वाळवून चोळले तर सालीबरोबर दाण्याचाही चुरा होतो.

हे तुम्हांला वर्गातही पडताळून पाहता येईल. एकाच पोत्यातले, शक्यतो सारख्या आकाराचे २०० कच्चे दाणे घ्या आणि त्यांचे ५०-५० चे चार भाग करा. पहिला भाग तसाच ठेवा. उरलेले तिन्ही भाग मंद आचेवर एकत्र भाजा (येथे मोठ्या माणसाला जवळ असू द्या). दुसरा भाग गरम असतानाच जाड फडक्यात घालून चोळा. तिसरा भाग पूर्ण निवल्यावर चोळा. चौथा भाग निवल्यानंतर ओलसर फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी चोळा. प्रत्येक वेळी चोळण्याचा वेळ सारखाच, समजा एक मिनिट. मग पूर्ण सोललेले, अर्धवट सोललेले, मुळीच न सोललेले आणि तुटलेले दाणे मोजून तक्ता करा. पहिल्या भागाची साल जागची हलणार नाही. चौथ्या भागातील साल पुन्हा पाणी पिऊन चिवट झालेली आढळेल. पावसाळ्यात भाजून उघडे ठेवलेले दाणे सोलायला त्रास का देतात, त्याचे उत्तर या चौथ्या भागात आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांत किती फरक पडतो, ते मात्र तुम्हीच मोजा. चोळल्यानंतर फडके कितपत तेलकट झाले, तेही पाहावयास विसरू नका.

यंत्राआधी भट्टी पाहा

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. सोलणाऱ्या रुळांचे यश निम्म्याहून अधिक त्याआधीच्या भाजणीवर अवलंबून असते. परंतु यंत्र घेणारे लोक रुळांकडे पाहतात आणि भट्टीकडे दुर्लक्ष करतात. सोलण्यापुरते तापवायचे असेल तेव्हा दाणे साधारणपणे ९० ते १४० अंश सें. या मर्यादेत तापवितात. उष्णता कमी ठेवली तर वेळ जास्त द्यावा लागतो. चांगल्या भट्टीत उष्णता हळूहळू चढते आणि सर्व दाण्यांना सारखी मिळते. भडभुंजा वाळूत दाणे का परततो? वाळू प्रत्येक दाण्याला सर्व बाजूंनी स्पर्श करते आणि एका बाजूने करपू देत नाही, म्हणून. फिरत्या पिंपाची भट्टी हेच काम दाणे सतत उलथेपालथे करून साधते.

खर्चाचा हिशेबही भट्टीकडेच बोट दाखवितो. १०० किलोग्रॅम दाणे ३० अंशांपासून १२० अंशांपर्यंत तापवावयाचे आहेत असे धरू. एक किलोग्रॅम दाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास सुमारे २ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे १०० × ९० × २ = १८,००० किलोज्यूल. शिवाय सुमारे ३ किलोग्रॅम पाण्याची वाफ करावयाची, तिला सुमारे ७,००० किलोज्यूल. एकूण झाले २५,०००. विजेच्या भाषेत हे जवळजवळ ७ युनिट होतात. आणि तेवढेच दाणे तासाभरात सोलणारी एक अश्वशक्तीची मोटर किती वीज खाते? पाऊण युनिट! भट्टीच्या भिंतींतून वाया जाणारी उष्णता आपण धरलेलीच नाही. तेव्हा "आमची मोटर किती कमी वीज घेते पाहा" असे कोणी सांगू लागला, तर त्याला भट्टीवर किती जाडीचे उष्णतारोधक वेष्टन आहे ते विचारावे.

भट्टीतून निघालेले दाणे रुळांवर पडण्यापूर्वी निवले पाहिजेत. यासाठी चांगल्या संचात पंख्याची हवा खेळविणारी जाळीदार ताटे किंवा पट्टा असतो. पैसे वाचविण्यासाठी बहुधा हाच भाग गाळला जातो. गरम दाण्यातून तेल सहज पाझरते, सालीचे कण त्या तेलात माखतात आणि रुळांना त्यांचा लेप बसतो.

आणखी एक पद्धत आहे ती ओल्या सोलणीची. तीत सालीला बारीक चिरा पाडून दाण्यांवर गरम पाणी सोडतात आणि फुगून सुटलेली साल हलकेच पुसून काढतात. दाणे अखंड आणि शुभ्र निघतात. पण नंतर त्यांतले पाणी पुन्हा काढून टाकावे लागते, आणि ते ताबडतोब. कोकणातल्या किंवा मावळातल्या पावसाळ्यात या वाळवणीत दिरंगाई झाली तर बुरशीला आमंत्रणच. आपल्या चिक्कीवाल्या गटाने या वाटेला जाऊ नये हे बरे.

दोन तळहात, दोन वेग

आता रुळांकडे वळू. तुम्ही दाणे चोळता तेव्हा एक तळहात जवळजवळ स्थिर असतो आणि दुसरा फिरतो. दोन्ही हात एकाच वेगाने एकाच दिशेने हलविले तर दाणा नुसता त्यांच्याबरोबर जाईल, साल निघणार नाही. साल निघते ती दोन पृष्ठभागांच्या वेगांतील फरकामुळे. यंत्रातही हेच तत्त्व असते. कोठे एक रूळ वेगाने व दुसरा सावकाश फिरतो. कोठे एकच रूळ फिरतो आणि त्याच्यासमोर स्थिर पत्रा किंवा रबराची गादी असते. भात भरडण्याच्या गिरणीत रबरी रुळांची जोडी तुम्ही पाहिली असेल, ती याच कुळातली.

रुळांमध्ये अंतर किती ठेवावे? येथे खरी अडचण येते, कारण दाणे एका मापाचे नसतात. समजा, तुमच्या पोत्यातील दाण्यांची जाडी ७ ते १० मिलिमीटर आहे. अंतर लहान दाण्याला पुरेल असे ठेवले तर मोठा दाणा भरडला जाईल. मोठ्याला साजेसे ठेवले तर लहान दाणा साल न गमावता खुशाल पलीकडे जाईल. यावर कोणत्याही रुळाकडे उपाय नाही. उपाय आहे तो चाळणीकडे. आधी दाणे चाळून मापाप्रमाणे वेगळे करावयाचे आणि प्रत्येक मापासाठी अंतर बदलावयाचे. व्यापारात '४०/५०', '५०/६०' असे जे आकडे बोलले जातात, त्यांचा अर्थ एका औंसात म्हणजे सुमारे २८ ग्रॅममध्ये किती दाणे बसतात असा आहे. ४०/५० चा दाणा मोठा, ६०/७० चा लहान. तेव्हा पहिला प्रश्न हा की, रुळांमधील अंतर यंत्र न उघडता, चाकी फिरवून बदलता येते का आणि ते किती आहे हे दाखविणारी पट्टी तिथे आहे का? ज्या यंत्रात अंतर कारखान्यातच कायमचे बसविले आहे, ते एकाच मापाच्या दाण्यासाठी आहे असे समजावे.

दुसरा प्रश्न वेगाचा. १० सेंटिमीटर व्यासाचा रूळ मिनिटाला ६०० फेरे घेत असेल तर त्याचा पृष्ठभाग सेकंदाला ३ मीटरांहून थोडा अधिक सरकतो. (पडताळून पाहा: परीघ गुणिले सेकंदातील फेरे.) काही विक्रेते मोठी पुली लावून हाच वेग दीडपट करतात आणि तासाला दीडपट माल निघतो म्हणून सांगतात. पण दाण्यावर बसणाऱ्या आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट तर आघात सव्वादोनपट! माल दीडपट निघेल हे खरे, पण त्यात पाकळ्या आणि चुरा किती असेल ते जाहिरातीत लिहिलेले नसते.

तिसरा प्रश्न पृष्ठभागाचा. स्वस्त यंत्रांत रुळांवर कुरुंदाच्या खड्यांचा थर चिकटविलेला असतो, म्हणजे आपला पॉलिश पेपरच. तो साल झटपट ओरबाडतो, परंतु दाणाही खरवडतो. आणि हा थर झिजतो तेव्हा सुटलेले खडे कोठे जातात? चिक्कीत! म्हणून असा रूळ असेल तर खडे भक्कम बसविलेले आहेत ना हे पाहावे. ओल्या पांढऱ्या फडक्याने रूळ जोराने पुसून फडक्यावर काय येते ते बघावे. खाद्यपदार्थांसाठी योग्य असे मऊ रबर किंवा ब्रश सावकाश काम करतात, पण दाण्याला सांभाळून घेतात. मात्र रबरही तेलाने फुगते व चिरते, तेव्हा ते बदलावयास सोपे असावे.

सुपाचे गणित

साल सुटली तरी ती दाण्यांतच मिसळलेली असते. तिला वेगळे करणे हे पंख्याचे काम. येथे निसर्ग आपल्यावर मेहेरबान आहे. असे पाहा: साल साऱ्या दाण्याला झाकते, म्हणजे वाऱ्याला अडविण्याजोगा तिचा विस्तार जवळजवळ दाण्याइतकाच. वजन मात्र दाण्याच्या तिसाव्या भागाएवढे. वाऱ्याचा रेटा त्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणून दाणा उचलण्यास वाऱ्याचा जो वेग लागेल त्याच्या साधारण साडेपाचव्या भागाएवढ्या वेगात साल उडेल (३० चे वर्गमूळ सुमारे ५.५). साल उडावी आणि दाणा राहावा यासाठी पंख्याला भरपूर मोकळीक मिळते.

पण दाण्याचा चुरा झाला की ही मोकळीक संपते. कण जितका बारीक, तितका त्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा. बारीक भुकटी सालीबरोबरच उडते. म्हणून यंत्र दाणा किती फोडते हे पाहावयाचे असेल तर पुढे पडणाऱ्या पांढऱ्या दाण्यांकडे पाहू नका. तेथे सर्व काही सुंदर दिसते! मागे लावलेल्या सालीच्या पोत्यात हात घाला.

पोत्याचा हिशेब सोपा आहे. १०० किलोग्रॅम दाण्यांची साल सुमारे ३ किलोग्रॅम भरते. पोते ५ किलोग्रॅम भरले तर त्यातले २ किलोग्रॅम दाण्यांचे पीठ आहे. बचत गटाच्या रोजच्या दोन क्विंटलांवर हे ४ किलोग्रॅम होते आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर १२ क्विंटल. यंत्राच्या किमतीत हजार-पाचशेंची घासाघीस करणाऱ्यांनी हा आकडा एकदा भिंतीवर लिहून ठेवावा. पंख्याच्या तोंडाशी हवा कमी-जास्त करण्याची झडप असेल तर हे नुकसान थोडे आवरता येते. झडप नसलेले यंत्र म्हणजे एकाच वेगाच्या वाऱ्यात पाखडणे.

ज्याची साल निघत नाही तो दाणा

आता आपण त्या 'शंभरातले शंभर' वाल्याकडे येऊ.

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधीत मेले. रोग कोणता ते कळेना, म्हणून त्याला 'टर्की एक्स' असे नाव दिले गेले. शोध घेता घेता धागा जाऊन पोहोचला तो त्यांच्या खाद्यातील, ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत. पेंडीत अॅस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने तयार केलेले विष होते. बुरशीच्या नावावरून त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणू लागले. हे विष यकृतावर घाला घालते आणि दीर्घकाळ थोडे थोडे पोटात जात राहिले तर यकृताच्या कर्करोगाला कारण होते. आपल्या देशात १९७४ साली राजस्थान व गुजरात यांच्या सीमेलगतच्या भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली, तेव्हाही अपराधी हेच विष होते.

ही बुरशी मातीतच राहते. भुईमुगाची शेंग मातीत पोसते. पीक तयार होताना पावसाने ताण दिला तर शेतातच तिचा शिरकाव होतो, आणि काढणीनंतर शेंगा नीट वाळविल्या नाहीत तर साठवणीत ती फोफावते. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेत भुईमुगावरील या संकटावर दीर्घकाळ संशोधन झाले आहे.

भाजल्याने हे विष नष्ट होईल असे तुम्हांला वाटेल. दुर्दैवाने तसे होत नाही. स्वयंपाकाच्या उष्णतेला ते बरेचसे दाद देत नाही. म्हणून बाधित दाणे वेचून काढणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार पुढील प्रक्रियेसाठीच्या शेंगदाण्यात एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोग्रॅममागे १५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे एक ग्रॅम विष ६६ टनांहून अधिक दाण्यांत! युरोपात थेट खाण्याच्या दाण्यांसाठी ही मर्यादा अवघी ४ मायक्रोग्रॅम आहे. पण हे विष सर्व दाण्यांत सारखे पसरलेले नसते. पोत्यातील थोड्याच दाण्यांत ते प्रचंड प्रमाणात असते आणि बाकीचे जवळजवळ निर्दोष असतात. ते थोडे दाणे सापडले की काम झाले.

ते सापडायचे कसे? येथे सोलणी कामास येते. एक तर साल निघाली की आतला रंग दिसतो. तपकिरी डाग, पिवळटपणा, काळपट टोक, जे लाल सालीखाली झाकलेले होते ते उघडे पडते. दुसरे असे की, बुरशीने पोखरलेल्या दाण्याची साल बहुधा नीट निघतच नाही. निरोगी दाणे आपली साल सोडतात आणि आजारी दाणे ती धरून बसतात! म्हणून सोलणीनंतर जे मोजके दाणे सालीसकट उरतात, त्यांत बाधितांचे प्रमाण अधिक असते. सगळेच विषारी असतात असे नव्हे. काही नुसतेच कोवळे, सुरकुतलेले किंवा नीट न भाजलेले असतात. पण संशय घ्यावा असा हा गट. सोलणी आणि रंगावरून निवड ही जोडी वापरली तर अफ्लाटॉक्सिन ९० टक्क्यांपर्यंत घटू शकते, असे कोडेक्सच्या २००४ च्या शेंगदाण्यांविषयीच्या मार्गदर्शक संहितेत नमूद आहे.

आता विचार करा. ज्या यंत्राने शंभरातले शंभर दाणे सोलले, त्याने त्या हट्टी दाण्यांचे काय केले असेल? रूळ इतके आवळले असतील, की साल सोडीत नसलेला दाणाही खरवडला गेला. त्याच्यावरचा डाग घासून निघाला, किंवा त्याचा चुरा होऊन तो चांगल्या दाण्यांत मिसळला. बाहेरून पाहणाऱ्याला माल पांढराशुभ्र दिसतो आणि वेचणाऱ्याला वेचण्यासारखे काही उरत नाही. सौम्य यंत्र शंभरातील दोन-तीन दाणे तसेच सोडून देते. ते पुन्हा रुळांवर घालावयाचे नाहीत, वेचून फेकावयाचे. कित्येक ठिकाणी हे उरलेले दाणे निमूटपणे परत यंत्राच्या तोंडात टाकले जातात. काटकसर म्हणून हे चालते, पण यासारखी महाग काटकसर दुसरी नाही.

"आम्हांला तर कूटच करायचे आहे, दाणा तुटला काय आणि न तुटला काय," असेही कोणी म्हणेल. पण दाणा कुटाचा असो की खाऱ्या दाण्याचा, वेचणी होईपर्यंत तो अखंड, निदान अखंड पाकळीच्या रूपात राहिला पाहिजे. भुकटीतून सडका दाणा कोणाला वेचता आला आहे?

म्हणून सोलणी यंत्राला लागूनच निवडीचा पट्टा हवा. त्यावर भरपूर पांढरा उजेड असावा. पट्टा इतक्या सावकाश चालावा, की डोळ्यांना प्रत्येक दाणा दिसेल. मोठ्या कारखान्यांत हे काम रंग ओळखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे करतात. दाणा कॅमेऱ्यासमोरून पडत असतानाच त्याचा रंग तपासला जातो आणि वेगळा रंग दिसताच हवेची एक बारीक फुंकर त्याला बाजूला उडविते. बचत गटाला असे यंत्र परवडणार नाही, परंतु चार जोड्या डोळे आणि चांगला दिवा यांनीही पुष्कळ काम होते. तरीही पांढरा दिसणारा प्रत्येक दाणा निर्दोष असे म्हणता येत नाही. मोठ्या व्यवहारात प्रयोगशाळेची तपासणी लागतेच.

विकत घेण्यापूर्वी

यंत्राची परीक्षा नेहमी आपल्या दाण्यांवर करावी, विक्रेत्याच्या नव्हे. त्याने प्रदर्शनासाठी ठेवलेले दाणे सारख्या मापाचे, उत्तम भाजलेले आणि नुकतेच निवविलेले असतात. आपले पोते घेऊन जावे. २५ किलोग्रॅम तरी दाणे घालून यंत्र चालवावे आणि पहिल्या दोन मिनिटांचा माल बाजूला सारून नंतरच्या मालातून ५०० दाणे उचलावेत. ते वरचेवर न उचलता पोत्याच्या निरनिराळ्या थरांतून घ्यावेत, कारण बारीक तुकडे तळाशी जातात. त्यांचे चार ढीग करावेत: अखंड सोललेले, पाकळ्या (दोन पाकळ्यांचा एक दाणा धरून), तुकडे आणि न सोललेले.

येथे गणिताच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. ५०० मध्ये १० दाणे न सोललेले निघाले, तर दुसऱ्या वेळी त्याच यंत्रातून ७ किंवा १३ निघणे अगदी स्वाभाविक आहे. अशा मोजणीत आकड्याच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे येथे सुमारे ३ चा, मागेपुढे फरक नुसत्या योगायोगाने पडतो. तेव्हा एका यंत्राचे १० आणि दुसऱ्याचे १२ आले म्हणून पहिले श्रेष्ठ ठरत नाही. १० आणि ४० आले तर मात्र बोलावे. तक्ता करून फळ्यावर मांडला तर टक्केवारीचा तास चांगला रंगेल.

यंत्र बंद झाल्यावर ते उघडून दाखवावयास सांगावे. विक्रेता पान्हा आणि हातोडा घेऊन बसला, तर ते यंत्र रोज साफ होणार नाही हे निश्चित. दाण्यांचे तेल कोपऱ्यांत साचते, हवेतल्या ऑक्सिजनने खवट होते आणि दुसऱ्या दिवशीच्या मालाला वास लागतो. लोखंड आणि तांबे यांच्या संपर्काने ही क्रिया वेगाने होते. म्हणून दाण्याला लागणारे भाग स्टेनलेस पोलादाचे असावेत, पितळी चाळणी किंवा आतून रंग दिलेला पत्रा नसावा. माल बाहेर पडण्याच्या जागी लोहचुंबक असेल तर उत्तम. रुळांच्या तोंडावर, पट्ट्यांवर आणि पुल्यांवर जाळीचे झाकण असलेच पाहिजे. वेगाने फिरणारा रूळ दाणा आणि बोट यांत भेद करीत नाही.

सोललेला दाणा फार दिवस ठेवू नये हेही खरेदीच्या वेळी लक्षात असावे. साल दाण्यातल्या तेलाचे हवेपासून रक्षण करते आणि तिच्यातील टॅनिनसारखी द्रव्ये ऑक्सिडीकरण रोखणारी असतात. साल गेली की दाणा लवकर खवटतो, पाकळी त्याहून लवकर आणि तुकडे सर्वांत लवकर. तेव्हा तासाला दहा क्विंटल सोलणारे अवाढव्य यंत्र घेऊन आठवड्याचा माल एका दिवसात सोलून ठेवण्यात शहाणपण नाही. रोज लागेल तेवढे सोलणारे लहान यंत्रच या गटाला योग्य.

राहता राहिली साल. रोज दोन क्विंटलांमागे सहा किलोग्रॅम, म्हणजे महिन्याला दीड क्विंटलांपर्यंत. ती सहसा गुरांच्या आंबोणात जाते. परंतु बुरशी ज्या सालीवर वाढली तीही त्याच पोत्यात असते, आणि बाधित दाण्यांची भुकटीसुद्धा. दुभत्या जनावराच्या पोटात अफ्लाटॉक्सिन गेले तर त्याचा काही भाग बदललेल्या रूपात दुधात उतरतो. भट्टीत मात्र ही वाळलेली साल चांगली जळते. फक्त तिचे ढीग भट्टीच्या तोंडाशी साठवू नयेत आणि छतावर, तुळयांवर बसणारी तिची धूळ आठवड्यातून एकदा झाडून काढावी, कारण ती ठिणगीने चटकन पेट घेते.